सल्लागार कुणाचं मीठ खातो?

नोव्हेंबर १९९९. टेक्सासचे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले होते. बोस्टनच्या एका टीव्ही पत्रकाराने मुलाखतीत त्यांना अचानक तोंडी परीक्षेला बसवलं. चेचन्याचा अध्यक्ष कोण? तैवानचा कोण? पाकिस्तानात नुकतीच सत्ता हाती घेतलेला जनरल कोण? आणि भारताचे पंतप्रधान? चारांपैकी एकाच प्रश्नाला बुश यांनी अर्धंमुर्धं उत्तर दिलं, तैवानचे 'ली'. पाकिस्तानच्या बाबतीत गाडी 'जनरल'च्या पुढे सरकली नाही, आणि तेवढं तर प्रश्नातच होतं. वाजपेयींचं नाव आठवलंच नाही. त्यांनी जेमतेम महिन्यापूर्वी तिसऱ्यांदा शपथ घेतली होती.

यावर हसणं सोपं आहे. पण बुश यांच्या बाजूने तेव्हा जे सांगितलं गेलं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. नावं पाठ असली काय, नसली काय. त्यांच्या भोवती माणसं कोण आहेत ते बघा, असा तो युक्तिवाद होता. आणि माणसं वजनदार होतीच. म्होरक्या कॉन्डोलिझा राइस, थोरल्या बुश यांच्या काळात व्हाइट हाउसमध्ये सोव्हिएत रशियाचा विषय हाताळलेल्या. सोबत पॉल वोल्फोविट्झ, रिचर्ड आर्मिटेज, स्टीफन हॅडली, रॉबर्ट ब्लॅकविल. हे स्वतःला 'व्हल्कन' म्हणवत. राइस अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या. त्या गावात व्हल्कन या रोमन अग्निदेवतेचा प्रचंड लोखंडी पुतळा आहे, त्यावरून ते नाव पडलं. ब्लॅकविल पुढे २००१ मध्ये राजदूत म्हणून दिल्लीत आले. वोल्फोविट्झ संरक्षण खात्यात गेले आणि इराकवर हल्ला करावा म्हणून सर्वात आधी आग्रह धरणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं.

म्हणजे २००० साली टेक्सासच्या गव्हर्नरला मत देणारा माणूस नकळत वोल्फोविट्झनाही मत देत होता. मतपत्रिकेवर ते नाव कुठेच नव्हतं. अध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या परराष्ट्र सल्लागारांची झडती घेण्याचा जो प्रकार अमेरिकेत दर चार वर्षांनी रंगतो, त्याचं मूळ इथे आहे.

आता हा सल्लागार नेमकं करतो काय? भाषणांचे मसुदे तपासतो, वादविवादाआधी उमेदवाराची तयारी करून घेतो, इराण, चीन, व्यापार अशा विषयांवर दोन-दोन पानी टिपणं लिहितो, पत्रकारांशी बोलतो. आणखी एक काम असतं, त्याची चर्चा कमी होते. वॉशिंग्टनमधल्या दूतावासांना निवडणुकीच्या वर्षात एकच घोर लागलेला असतो, उद्या हा माणूस निवडून आला तर आपलं काय? ते उत्तर शोधायला राजनैतिक अधिकारी सल्लागारांना गाठतात, कॉफीला बोलावतात आणि संध्याकाळी आपापल्या राजधानीला अहवाल धाडतात.

असाच एक अहवाल २००८ मध्ये फुटला. बराक ओबामा ओहायोत, जिथे कारखाने बंद पडून लोक हवालदिल होते तिथे, कॅनडा आणि मेक्सिकोबरोबरचा 'नाफ्टा' व्यापार करार बदलून घेण्याची भाषा करत होते. त्यांचे आर्थिक सल्लागार ऑस्टन गूल्सबी शिकागोतल्या कॅनडाच्या वाणिज्य दूतावासात जाऊन आले. तिथल्या अधिकाऱ्याने लिहिलेल्या टिपणाचा मथितार्थ असा, की हे बोलणं धोरणापेक्षा राजकीय पवित्रा म्हणून घ्यावं. आपण असं बोललोच नाही, असं गूल्सबी यांचं म्हणणं. पण टिपण ओहायोतल्या पक्षांतर्गत मतदानाच्या तोंडावर बाहेर आलं आणि ओबामा ते राज्य हरले. हरण्याला कारणं इतरही होती. तरी व्यासपीठावर एक आणि दूतावासात दुसरं, हा संशय एकदा शिवला की धुऊन निघत नाही.

या लोकांना पगार मिळतो का? बहुतेकांना नाही. लोकांना इथेच धक्का बसतो. प्रचाराचा पैसा जाहिरातींवर आणि गावोगावच्या कार्यालयांवर खर्च होतो. परराष्ट्र धोरणाचे सल्लागार बहुतांशी फुकट राबतात. उद्याच्या सरकारात खुर्ची मिळेल ही आशा असते, आणि ती पोकळही नसते. अमेरिकेत सत्ता बदलली की सुमारे ४,००० राजकीय नेमणुका होतात. पण तोवर घर कशावर चालतं? कुणी विद्यापीठात शिकवतो, कुणी थिंक टँकमध्ये असतो, कुणी वकिली करतो, कुणाची स्वतःची सल्ला कंपनी असते, आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत कधी एखादं परदेशी सरकारही असतं.

पेशवाईतले साडेतीन शहाणे आपल्याला ठाऊक असतात. सखारामबापू बोकील पुण्याला, देवाजीपंत चोरघडे नागपूरकर भोसल्यांकडे, विठ्ठल सुंदर निजामाकडे आणि अर्धे नाना फडणवीस. त्यांची कारस्थानं काय थोडी नव्हती. पण विठ्ठल सुंदर बोलायला लागले की समोरच्याला कळायचं, हा निजामाचा दिवाण बोलतोय. अमेरिकेतल्या प्रचाराच्या तंबूत बसलेला सल्लागार कुणाचं मीठ खातो, हे त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही. झडती घ्यायची ती याचीच, असं माझं मत. प्रत्यक्षात ती भलत्याच गोष्टीची घेतली जाते.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १९७८ च्या कायद्याने उमेदवाराला आपली मालमत्ता आणि उत्पन्न जाहीर करावं लागतं. त्याच्या सल्लागाराला नाही. निवडून आल्यावर परराष्ट्रमंत्री नेमायचा तर सिनेटची मंजुरी लागते, सुनावणी होते, कागदपत्रं मागवली जातात. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मात्र अध्यक्ष एका सहीने नेमतो. हेन्री किसिंजर १९६९ मध्ये त्या खुर्चीत असेच बसले. वर्षभर आधीपर्यंत ते निक्सन यांच्याच पक्षातले प्रतिस्पर्धी नेल्सन रॉकफेलर यांचे सल्लागार होते! व्हाइट हाउसमध्ये अध्यक्षाच्या सर्वात जवळ बसणारा माणूस संसदेची चाळणी न लागता आत जातो. मग त्याच्याबद्दल जे काय विचारायचं ते निवडणुकीआधीच विचारलेलं बरं.

दुसरा कायदा १९३८ चा. नाझी जर्मनीचा प्रचार अमेरिकेत करणाऱ्यांना उघडं पाडायला तो आणला होता. परदेशी सरकारसाठी किंवा परदेशी पक्षासाठी राजकीय काम करत असाल तर न्याय खात्याकडे नोंद करा, किती पैसे मिळाले ते लिहा, एवढंच तो सांगतो. त्या कामाला बंदी नाही. 'फॉरेन एजंट्स रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'फारा' म्हणतात. यातली मेख अशी, की कायद्यात शब्द आहे 'एजंट'. आपल्याकडे 'हस्तक' म्हटल्यावर जसा वास येतो तसाच तिकडेही येतो, म्हणून त्या यादीत जायला कुणी राजी नसतं. शिवाय पळवाटा आहेत. ग्राहक सरकार नसून परदेशी कंपनी आहे असं दाखवता आलं, तर साध्या लॉबिंगच्या, म्हणजे पैसे घेऊन सरकारदरबारी वकिली करण्याच्या, नोंदीवर भागतं. आणि धाक म्हणावा तर १९६६ ते २०१५ या जवळजवळ पन्नास वर्षांत या कायद्याखाली फक्त ७ फौजदारी खटले दाखल झाले.

या विषयाचा अभ्यास कुणाला एकाच वर्षात उरकायचा असेल तर त्याने २००८ घ्यावं. त्या एका वर्षात सगळे नमुने सापडतात.

मार्चमध्ये समॅन्था पॉवर. वंशसंहारावरच्या पुस्तकासाठी पुलित्झर मिळालेल्या, हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या, ओबामांच्या विश्वासातल्या. आपल्या नव्या पुस्तकाच्या निमित्ताने त्या ब्रिटनमध्ये होत्या. 'द स्कॉट्समन'च्या बातमीदाराशी बोलताना त्या ओबामांच्या पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांना 'राक्षस' म्हणून गेल्या आणि लगेच, 'हे छापायचं नाही हं' असंही म्हणाल्या. तिकडचा रिवाज असा, की छापायचं नसेल तर आधी ठरवायचं, बोलून झाल्यावर नाही. छापून आलं. ७ मार्चला पॉवर यांनी राजीनामा दिला.

त्याच दौऱ्यात बीबीसीवर त्या आणखी एक वाक्य बोलल्या होत्या. इराकमधून १६ महिन्यांत सैन्य परत आणण्याची ओबामांची योजना म्हणजे सगळं मनासारखं घडलं तर काय होईल याचा अंदाज आहे. अध्यक्ष झाल्यावर ते परिस्थिती बघून ठरवतील. एका युद्धाविषयी दिलेलं जाहीर आश्वासन किती पक्कं, याचा तो आतला सुगावा होता. क्लिंटन यांच्या गोटाने तो उचलला, दोन दिवस वाजवला. पण लोकांच्या लक्षात राहिला तो 'राक्षस'. आजही पॉवर यांचा तो किस्सा सांगणारे शंभर भेटतील, इराकचं वाक्य सांगणारा एखादाच. जीभ घसरली की बातमी आयती मिळते. हिशेब तपासायला वेळ लागतो.

मे महिन्यात रॉबर्ट मॅली. इस्रायल-पॅलेस्टाइन प्रश्नात मुरलेले, बिल क्लिंटन यांच्या प्रशासनात काम केलेले, ओबामांना अधूनमधून सल्ला देणारे. तेव्हा ते 'इंटरनॅशनल क्रायसिस ग्रुप' या संस्थेत होते आणि त्या कामासाठी हमासच्या लोकांना भेटत होते. संघर्षाचा अभ्यास करणारी संस्था दोन्ही बाजूंना भेटणारच. बातमी येणार असं दिसताच मॅली बाजूला झाले आणि ओबामांच्या लोकांनी त्यांच्याशी असलेलं नातं होतं त्याहून पातळ करून सांगितलं. काही वर्षांनी तेच मॅली ओबामांच्या राष्ट्रीय सुरक्षा मंडळावर दिसले. थोडक्यात, ती माघार मतदारांसमोरची होती.

आता पैशाच्या दोन गोष्टी सांगतो. मार्क पेन हे हिलरी क्लिंटन यांचे मुख्य रणनीतीकार आणि त्याच वेळी बर्सन-मार्स्टेलर या बड्या जनसंपर्क कंपनीचे प्रमुख. कोलंबिया सरकारने अमेरिकेबरोबरचा मुक्त व्यापार करार मार्गी लागावा म्हणून त्या कंपनीला ठेवलं होतं. क्लिंटन यांचा त्या कराराला विरोध. पेन ३१ मार्चला कोलंबियाच्या राजदूताला भेटले आणि बातमी फुटली. ती भेट म्हणजे आपली चूक झाली, असं पेन म्हणाले. या शब्दांनी कोलंबिया दुखावलं आणि त्यांनी कंपनीला काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी क्लिंटन यांनीही पेन यांना पदावरून दूर केलं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो असा!

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. रँडी शूनमन हे रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांचे प्रमुख परराष्ट्र सल्लागार. त्यांच्या ओरायन स्ट्रॅटेजीज या छोट्या कंपनीचा एक ग्राहक म्हणजे काकेशसमधलं जॉर्जिया. १७ एप्रिल २००८ रोजी मॅकेन जॉर्जियाचे अध्यक्ष साकाश्विली यांच्याशी फोनवर बोलले, त्यांना पाठिंबा देणारं निवेदन निघालं. या संभाषणासाठी मॅकेन यांची तयारी शूनमन यांनी करून घेतली होती. त्याच दिवशी ओरायनने जॉर्जियाबरोबर २ लाख डॉलरचा नवा करार केला. ऑगस्टमध्ये रशिया आणि जॉर्जियाचं युद्ध पेटलं, 'आज आपण सारे जॉर्जियन आहोत' असं मॅकेन म्हणाले, आणि एप्रिलचा तो दिवस वर्तमानपत्रांनी शोधून काढला.

शूनमन यांच्या बाजूने सांगण्यासारखंही आहे. आपण स्वतः मार्चपासून लॉबिंग थांबवलं आणि मेपासून कंपनीकडून पैसे घेणं बंद केलं, असं त्यांनी सांगितलं होतं. त्यांची नोंदणीही रीतसर होती. ती होती म्हणूनच तर पत्रकारांना तारखा जुळवता आल्या. आणि मॅकेन यांना जॉर्जियाचा कळवळा ओरायनमुळे आला असं नाही, पुतिन यांच्यावर ते कितीतरी वर्षं तुटून पडत होते. मग आक्षेप कसला? लढाई सुरू झाल्यावर अध्यक्षाच्या कानाशी जो माणूस असणार, त्याचं कालपर्यंतचं मीठ लढणाऱ्या दोघांपैकी एकाकडचं होतं. त्याचा सल्ला चुकीचाच असेल असं नाही. पण तो ऐकताना ही गोष्ट माहीत असायला हवी. मॅकेन हरले आणि प्रश्न तिथेच राहिला.

आठ वर्षांनी सगळं उलटं झालं. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षातल्या परराष्ट्र जाणकारांनी डोनल्ड ट्रम्प यांच्या विरोधात उघड पत्र काढलं आणि शंभरावर लोकांनी सह्या केल्या. नेहमीची फळीच रुसली. इकडे पत्रकार विचारत होते, तुमचे सल्लागार कोण? २१ मार्चला 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या संपादक मंडळासमोर ट्रम्प यांनी पाच नावं वाचून दाखवली. त्यातली बहुतेक नावं वॉशिंग्टनच्या जाणकारांनाही ओळखीची नव्हती. जॉर्ज पापाडोपुलस तर २८ वर्षांचे होते. विद्यार्थ्यांच्या अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषदेतला सहभाग त्यांच्या परिचयपत्रात कामगिरी म्हणून दिलेला होता. त्याआधी ते रिपब्लिकन उमेदवारीचे दुसरे इच्छुक बेन कार्सन यांच्या प्रचारात होते. 'उत्तम माणूस', ट्रम्प म्हणाले.

हा उत्तम माणूस मे महिन्यात लंडनमध्ये ऑस्ट्रेलियाचे उच्चायुक्त अलेक्झांडर डाउनर यांच्याबरोबर बसला असताना, रशियाकडे क्लिंटन यांच्याविरुद्ध मसाला आहे असं सुचवून गेला. ऑस्ट्रेलियाने ते जुलैमध्ये अमेरिकेला कळवलं आणि ३१ जुलैला एफबीआयने चौकशी उघडली. पापाडोपुलस यांनी पुढे एफबीआयशी खोटं बोलल्याचं कबूल केलं, त्यांना १४ दिवसांची शिक्षा झाली आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये माफी मिळाली.

यादीतलं दुसरं नाव कार्टर पेज. जुलैमध्ये मॉस्कोत जाऊन त्यांनी व्याख्यान दिलं, सप्टेंबरमध्ये प्रचारातून बाहेर पडले, ऑक्टोबरपासून गुप्त न्यायालयाच्या परवानगीने त्यांच्यावर पाळत सुरू झाली. परवानगी तीनदा वाढवून घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये न्याय खात्याच्या महानिरीक्षकाने त्या अर्जांत १७ गंभीर चुका आणि गाळलेल्या गोष्टी दाखवल्या. पेज आधी सीआयएला माहिती देत होते, हे न्यायालयाला सांगितलंच नव्हतं. एफबीआयच्या एका वकिलाने तर ईमेलमधला मजकूर फिरवला होता. त्याने गुन्हा कबूल केला. पेज यांच्यावर आजवर एकही आरोप दाखल झालेला नाही. सल्लागाराची झडती म्हणजे पुण्यकर्मच असं ज्यांना वाटतं त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

आणि ज्यांची झडती वेळेवर व्हायला हवी होती ते निसटले. जनरल मायकेल फ्लिन यांच्या कंपनीने ऑगस्ट २०१६ मध्ये एका तुर्की उद्योजकाच्या डच कंपनीचं काम घेतलं. मोबदला ५ लाख ३० हजार डॉलर. विषय होता, तुर्कीचे अध्यक्ष एर्दोआन यांना हवे असलेले आणि अमेरिकेत राहणारे धर्मगुरू फेतुल्ला गुलेन. त्याच ऑगस्टमध्ये ट्रम्प यांना गुप्तचर खात्यांनी उमेदवार म्हणून पहिली माहिती दिली, तेव्हा फ्लिन शेजारी बसलेले होते. मतदानाच्या दिवशी, ८ नोव्हेंबरला, गुलेन यांना तुर्कीच्या हवाली करा असा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. पैशाचा उल्लेख त्यात नव्हता. 'फारा'खाली त्यांची नोंद झाली मार्च २०१७ मध्ये. आपल्या कामाचा मुख्य लाभ तुर्की सरकारला झाला असं म्हणता येईल, हे त्या कागदात लिहिलं होतं. तोवर ते राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार होऊन, २४ दिवस राहून, रशियन राजदूताशी झालेल्या बोलण्यावरून राजीनामा देऊनही मोकळे झाले होते.

हे एकाच पक्षाचं दुखणं नाही. अँटनी ब्लिंकन २०१७ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टएक्झेक या सल्ला कंपनीचे सहसंस्थापक आणि २०२० मध्ये जो बायडेन यांचे प्रमुख परराष्ट्र सल्लागार. बोइंग, फेसबुक, सॉफ्टबँक हे त्यांचे ग्राहक होते, हे मतदारांना कधी कळलं? निवडणूक झाल्यावर, परराष्ट्रमंत्रिपदासाठी त्यांना फॉर्म भरावा लागला तेव्हा. यात बेकायदा काही नव्हतं. कायदाच उशिरा विचारतो.

एक गोष्ट आपल्या बाजूची. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये ओबामांच्या सत्तांतर चमूच्या सल्लागार मंडळात सोनल शाह यांचं नाव आलं. त्यांचा जन्म मुंबईचा, हे वाचून इकडे कौतुकाच्या बातम्या आल्या. मग अमेरिकेतल्याच काही भारतीय अभ्यासकांनी विचारलं, यांचा अमेरिकेतल्या विश्व हिंदू परिषदेशी संबंध होता त्याचं काय? २००१ च्या गुजरात भूकंपानंतर त्यांनी त्या संस्थेच्या मदतकार्यात काम केलं होतं. शाह यांनी निवेदन काढलं, परिषदेच्या राजकारणाशी आपला काही संबंध नाही म्हणाल्या, २००२ च्या हिंसाचाराचा निषेध केला आणि नंतर व्हाइट हाउसमध्ये कामही केलं. मॅलींना हमासवरून हटवलं ते योग्यच, असं ज्यांना वाटतं त्यांना शाह यांना विचारलेला प्रश्न बहुधा जाच वाटतो, आणि उलटही. ओळखीपाळखीवरून घेतलेल्या झडतीत निकाल बऱ्याचदा आधीच ठरलेला असतो. पैशाच्या कागदावर निदान आकडा आणि तारीख असते.

रिचर्ड अ‍ॅलन यांची हकिगत राहिली. १९८० मध्ये ते रोनल्ड रेगन यांचे परराष्ट्र सल्लागार. निक्सन यांच्या काळात व्हाइट हाउसमधल्या ओळखींचा धंद्यासाठी वापर केल्याचे आरोप छापून आले आणि मतदानाला आठवडाही उरलेला नसताना ते प्रचारातून बाहेर पडले. रेगन जिंकले. जानेवारीत अ‍ॅलन राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले, कारण सिनेटसमोर जायचंच नव्हतं. वर्षभरात त्यांच्या जुन्या कार्यालयाच्या तिजोरीत १,००० डॉलर सापडले. नॅन्सी रेगन यांच्या मुलाखतीबद्दल एका जपानी मासिकाने दिलेले. आपण ते सरकारजमा करायला ठेवले आणि विसरलो, असं अ‍ॅलन म्हणाले. चौकशीत गुन्हा निघाला नाही, पण जानेवारी १९८२ मध्ये त्यांना जावं लागलं.

त्यांच्या जागी विल्यम क्लार्क आले. आदल्या वर्षी परराष्ट्र खात्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदासाठी ते सिनेटच्या समितीसमोर गेले होते, तेव्हा त्यांना दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान कोण आणि झिंबाब्वेचे कोण, असं विचारलं होतं. दोन्ही नावं त्यांना सांगता आली नव्हती. या नव्या खुर्चीसाठी त्यांना कुणी काही विचारलं नाही.